वाचनखूण म्हणजे सूची नव्हे

मराठीच्या पदव्युत्तर विभागांत गेल्या काही वर्षांत एक सोयीस्कर समजूत रूढ झाली आहे. महाजालावर एखादा लेख सापडला, त्याची वाचनखूण साठवली आणि तिला दोन-तीन शब्दखुणा चिकटवल्या, की संदर्भसाधन सिद्ध झाले, अशी ती समजूत आहे. आपल्या संग्रही हजार-दीड हजार वाचनखुणा असल्याचे अध्यापक अभिमानाने सांगतात. विद्यार्थी लघुप्रबंधाच्या शेवटी 'संदर्भ संकेतस्थळे' असे शीर्षक देऊन त्याखाली दुव्यांची उतरंड रचतात. त्यात लेखकाचे नाव नसते, तारीख नसते, लेख कशाविषयी आहे याचा एक शब्द नसतो. परीक्षकही ती पाने बोटाने उलटून पुढे जातात.

या समजुतीला माझा विरोध आहे. वाचनखूण ही सूची नव्हे, शब्दखूण हे वर्गीकरण नव्हे आणि साठवण हा व्यासंग नव्हे. सूचीकार्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या भाषेच्या अध्यापकांनी हे काम परक्या कंपन्यांच्या मर्जीवर सोडून द्यावे, ही केवळ आळसाची गोष्ट राहिलेली नाही. त्यातून मराठीच्या एका संपूर्ण कालखंडाचा वाङ्मयेतिहास लिहिण्याची शक्यताच नाहीशी होत आहे.

१

मूळ शब्दापासूनच आरंभ करू. 'वाचनखूण' हा शब्द पोथी-पुस्तकांच्या जगातून आला आहे. पोथीत मोरपीस ठेवावे, कादंबरीत एस.टी.चे तिकीट अडकवावे, ग्रंथालयाच्या पुस्तकात कागदाची चिठ्ठी सरकवावी. या सगळ्यांत खूण आणि पुस्तक एकत्र नांदतात. खूण गळून पडली तरी पुस्तक हाती राहते, आणि पुस्तक गेले तर खूणही त्याच्याबरोबर जाते. महाजालावर हा संबंध उलटा झाला. खूण आपल्यापाशी आणि पुस्तक दुसऱ्याच्या घरी, अशी स्थिती आली. त्या घराला कुलूप लागले तरी आपल्या यादीतली ओळ जशीच्या तशी दिसत राहते. नाव कायम राहिले, पण वस्तू नाहीशी झाली. 'वाचनखूण' हा जुना, विश्वासाचा शब्द आपण या नव्या व्यवहाराला दिला आणि त्या शब्दाबरोबर येणारा भरवसाही विनाकारण देऊन टाकला.

पुढे तर खूणही आपल्यापाशी राहिली नाही. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी 'डिलिशस' ही सेवा सुरू केली. वाचनखुणा आपल्या संगणकात न ठेवता महाजालावर ठेवाव्यात, त्यांना मनाजोगत्या शब्दखुणा द्याव्यात आणि इतरांच्या खुणाही पाहाव्यात, ही तिची कल्पना होती. कल्पना खरोखर सुंदर होती. डिसेंबर २००५ मध्ये याहूने ही सेवा विकत घेतली. २०१० च्या अखेरीस ती गुंडाळली जाणार असल्याची वार्ता फुटली. २०११ मध्ये यूट्यूबच्या संस्थापकांनी ती घेतली आणि नव्याने रचली. त्यानंतर आणखी हात बदलत २०१७ मध्ये 'पिनबोर्ड' या प्रतिस्पर्धी सेवेने ती ३५,००० डॉलरना घेतली आणि तिच्यात नव्या नोंदी करणे बंद केले. लक्षावधी वाचकांनी वर्षानुवर्षे केलेल्या नामकरणाची बाजारातली किंमत अखेर एवढी ठरली.

हे एकच उदाहरण नाही. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. गूगलची वाचनखुणांची सेवा ३० सप्टेंबर २०२१ रोजी बंद झाली. 'नंतर वाचू' म्हणून लेख साठवून ठेवण्याची 'पॉकेट' ही सेवा मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. खुणा ठेवणाऱ्या सेवांचे हे झाले. ज्या पानांवर त्या खुणा होत्या त्यांची अवस्था वेगळी नाही. जिओसिटीज २००९ मध्ये गेले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी गेले, आणि एका पिढीच्या मराठी तरुणांनी तेथे केलेल्या कविता व वाद त्याबरोबर गेले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या जालपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उपलब्ध राहिली नव्हती. ही पाहणी मराठीपुरती नव्हती. मराठीला यातून सूट मिळाली असेल, असे मानायला मात्र काही आधार नाही.

२

पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला या हानीची झळ कमी लागते. जालावरचा लेख गेला तर तो ग्रंथसंग्रहालयात जाऊन मासिकाचा अंक काढू शकतो. समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? जुने अंक पाहायचे तर जाम चौरस्त्यावर येऊन नागपूरची गाडी धरायची, आणि दिवस त्यात घालवायचा. ज्याच्या घरी सोयाबीन-कापसाची कामे असतात त्याला असे किती दिवस परवडतात? महाजाल आले तेव्हा आपल्याकडच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदाच घरबसल्या ग्रंथालय मिळाले. १९९६ पासून सुरू असलेली मायबोली, २००७ मध्ये सुरू झालेली मिसळपाव, अनेकांच्या स्वतंत्र अनुदिन्या, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, पुढे विश्वकोशाच्या नोंदी, हे सारे एका वाचनखुणेच्या अंतरावर आले. म्हणूनच आपल्याकडे वाचनखूण ही चैन नव्हती. ती ग्रंथालयाची जागा घेत होती. ती मेली तर येथे ग्रंथालयच बंद पडते.

आमच्या तालुक्यात गिरड येथे टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर फळांसारखे दिसणारे गोल खडे सापडतात. त्यांची लोककथा प्रसिद्ध आहे. वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या गोण्यांतल्या मालाचे दगड झाले. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. पण आपल्या वाचनखुणांच्या संग्रहाला ही कथा तंतोतंत लागू पडते. गोण्या तशाच भरलेल्या असतात, मोजणीही तीच येते, बाहेरून आकारही तोच दिसतो. एखादे फळ फोडायला घ्यावे तेव्हा कळते की हा दगड आहे. हजार खुणा साठवल्याचे कौतुक करणाऱ्याने त्यांतल्या शंभर तरी उघडून पाहाव्यात, एवढीच विनंती.

शोधप्रबंधांच्या बाबतीत तर हा प्रकार अधिक गंभीर आहे. आज विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात ठेवले जातात, आणि ते योग्यच आहे. पण प्रबंध तेथे टिकतो आणि त्याच्या तळटिपांतले दुवे मात्र मरतात. दहा वर्षांनी तो प्रबंध वाचणाऱ्याला विधान दिसेल आणि आधार दिसणार नाही. ज्या विधानाचा आधार तपासता येत नाही, त्याला संशोधनात मताची किंमत असते. त्याहून अधिक नाही. गंमत अशी की महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची वेळ आली म्हणजे अहवालातील प्रत्येक दुवा उघडतो की नाही हे पाहण्यासाठी आपण रात्री जागवतो. तीच काळजी वाङ्मयाच्या दुव्यांविषयी कधी दिसत नाही.

३

आता शब्दखुणांकडे वळू. कारण खुणा साठवण्यापेक्षा त्यांना नावे देणे हे अधिक मोठे आणि अधिक दुर्लक्षित काम आहे.

२००४ मध्ये टॉमस व्हँडर वाल यांनी लोकांनी उत्स्फूर्तपणे केलेल्या या नामकरणाला 'फोक्सॉनॉमी' असे नाव दिले. आपण त्याला लोकवर्गीकरण म्हणू. ग्रंथपालाने वरून लादलेल्या कप्प्यांऐवजी वाचकाने स्वतः दिलेली नावे, अशी ही लोकशाही. तिचे आकर्षण मराठीच्या अध्यापकाला वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपले वाङ्मयीन कप्पे बव्हंशी प्रश्नपत्रिकेने तयार केलेले आहेत. ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी, प्रादेशिक. कापूस पिकवणाऱ्याच्या आत्महत्येवरची कथा 'ग्रामीण'मध्ये टाकली की तिच्यातले सावकारी कर्ज, बाजारभाव आणि बियाण्यांचे अर्थकारण दिसेनासे होते. तीच कथा कोणी 'कापूस' आणि 'कर्ज' या शब्दखुणांखाली ठेवली असती तर ती एकदम वेगळ्या लेखनाच्या शेजारी बसली असती, आणि शेजार बदलला की वाचन बदलते. शब्दखूण ही एका शब्दाची समीक्षा असते, ती या अर्थाने.

पण प्रत्यक्षात काय झाले? डिलिशसमध्ये शब्दखुणा मोकळ्या जागेवर तुटत असत. 'दलित साहित्य' असे लिहिले की 'दलित' ही एक खूण आणि 'साहित्य' ही दुसरी खूण तयार होई. ज्या संज्ञेसाठी १९५८ च्या मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून एवढा वैचारिक संघर्ष झाला, ती संज्ञा एका यंत्राने दोन तुकड्यांत कापली: एकीकडे दलित, दुसरीकडे साहित्य. यंत्राला अर्थात हेतू नव्हता. परंतु त्या तुकड्यांकडे पाहून ज्याला काहीच खटकले नाही, त्या मराठीच्या अध्यापकाला आपण काय म्हणावे? आणि संज्ञा अखंड लिहिली तरी प्रश्न संपत नाही. नागपूरच्या यशवंत मनोहरांनी 'आंबेडकरवादी साहित्य' या नावाचा आग्रह धरला. इतरांनी 'विद्रोही', 'फुले-आंबेडकरी' अशी नावे पुढे केली. या प्रत्येक नावामागे एक भूमिका आहे. एकाच कवितेला 'दलित' म्हणणे आणि 'आंबेडकरवादी' म्हणणे ही दोन वेगळी विधाने आहेत. हातावेगळे काम म्हणून जो शब्दखूण चिकटवतो, तो न कळत बाजू घेतो. आणि आपण बाजू घेतली हे त्याला माहीतही नसते.

याच्या जोडीला लिपीचे प्रश्न आहेत. 'वऱ्हाडी' हा शब्द युनिकोडमध्ये निदान दोन प्रकारे टंकता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते, तर दुसऱ्यात साध्या 'र'पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पण यंत्राने ते एक मानण्याची खास तजवीज केलेली नसेल तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द राहतात. मग वऱ्हाडी बोलीवरचे निम्मे लेख एका खुणेखाली आणि निम्मे दुसऱ्या खुणेखाली पडतात, आणि शोधणाऱ्याला आपल्या हाती अर्धेच आले याचा पत्ताही लागत नाही. 'हिंदी' आणि 'हिन्दी', 'वाङ्मय' आणि 'वाङमय' यांचेही तेच. पत्त्यांची गत आणखी विचित्र आहे. 'मराठी' हा शब्द युनिकोडचे पाच संकेत घेतो. तो एखाद्या पानाच्या पत्त्यात असला आणि तो पत्ता उचलून कागदावर उतरवला, तर बहुधा टक्केवारीची चिन्हे, आकडे आणि रोमी अक्षरे यांची ४५ चिन्हांची माळ होते. लघुप्रबंधाच्या शेवटी छापलेल्या त्या माळेतून लेखाचे नाव ओळखता येत नाही, आणि एक चिन्ह चुकले तर पानही उघडत नाही.

युनिकोडपूर्व काळाचे दुःख तर वेगळेच. त्या काळात वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे आपापले टंक असत. व्यक्तिगत पानांवर 'शिवाजी', 'किरण' यांसारखे टंक वापरले जात. टंक नसेल तर त्या मजकुराच्या जागी रोमी अक्षरांचा निरर्थक चुरा दिसतो. तो मजकूर जिवंत असूनही कोणत्याही शोधयंत्राला 'मराठी' म्हणून सापडत नाही. अशा पानापर्यंत नेणारी एकच गोष्ट असू शकते: ज्या माणसाने ते त्या काळी वाचले होते त्याने शुद्ध देवनागरीत केलेली नोंद. ती नोंद आपण केली नाही. आपण फक्त खूण साठवली.

४

हे सारे आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय मराठीच्या माणसाला नाही. मराठी गद्याचा आरंभच मुळी नोंद ठेवण्याच्या तळमळीतून झाला आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या त्या ऐकीव म्हणून ओतून दिल्या नाहीत. त्या कोणाच्या, कोठल्या, कोणत्या प्रसंगाच्या, हे पाहिले. परंपरा सांगते की मूळ पोथी पुढे धाडीत हरवली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला. त्यामुळे लीळाचरित्राच्या पाठांत हा शोध अमक्याचा, तो तमक्याचा, अशा नावानिशी नोंदी आढळतात. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली आवृत्ती ज्याने चाळली आहे त्याला हे सांगण्याची गरज नाही. महानुभावांची स्थानपोथी तर चक्रधर जेथे जेथे गेले त्या स्थानांची, दिशांसह केलेली नोंद आहे. स्थळ नाहीसे होऊ शकते, हे त्या लोकांना कळत होते. म्हणून देऊळ कोठे, दार कोणत्या दिशेला, हे त्यांनी लिहून ठेवले. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदकर्त्याला जे सुचले ते आजच्या प्राध्यापकाला सुचू नये?

अर्वाचीन काळात शंकर गणेश दाते यांचे उदाहरण आहे. त्यांच्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळाचा, तर दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा. एका माणसाने दीडशे वर्षांच्या मराठी छापील ग्रंथांची विषयवार नोंद केली. आज एकोणिसाव्या शतकावर काम करणारा कोणीही दात्यांच्या सूचीवाचून पुढे जाऊ शकत नाही. त्या सूचीतले कितीतरी ग्रंथ आज सहजी मिळत नाहीत. पण ते होते, अमक्याने लिहिले, अमक्या वर्षी अमक्या गावी छापले गेले, एवढे आपल्याला खात्रीने कळते. नष्ट झालेल्या ग्रंथाचीही सूची साक्ष देते. मेलेला दुवा कोणती साक्ष देतो?

याच संदर्भात अभिजात दर्जाचा उल्लेख अटळ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला तो दर्जा दिला. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी शिलालेख, ताम्रपट, गाथा यांचे पुरावे गोळा करावे लागले, आणि ते गोळा करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. मात्र दोन हजार वर्षांचे पुरावे मांडणाऱ्या या भाषेच्या एखाद्या विभागाकडे आज २००७ च्या एका चांगल्या समीक्षालेखाची खात्रीची नोंद मागून पाहा. शिलालेखावरचे अक्षर वाचता येते आणि वीस वर्षांपूर्वीचा लेख सापडत नाही. उत्सव झाले, भाषणे झाली. या विसंगतीवर मात्र कोणी बोलताना आढळत नाही.

आपल्या जिल्ह्याचेच पाहू. १९६९ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा पु. शि. रेगे अध्यक्ष होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वे संमेलन पुन्हा वर्ध्याला झाले, नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. आणि त्याच सुमारास त्याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. १९६९ च्या संमेलनाविषयी जाणून घ्यायचे तर नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत. २०२३ मध्ये एकाच गावात झालेल्या दोन संमेलनांतील मतभेदांवर उद्या कोणी प्रबंध लिहू म्हणेल तर त्याच्या साधनांपैकी फार मोठा भाग चित्रफिती, समाजमाध्यमांवरील टिपणे आणि वृत्तपत्रांची जालपृष्ठे यांचाच असणार. त्या साधनांची सूची आज केली नाही तर ती कधीच होणार नाही. दात्यांना शंभर वर्षांनंतरही जुने पुस्तक कोणाच्या तरी माळ्यावर सापडण्याची आशा असे. जालपृष्ठाला माळा नसतो.

५

या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की शोधयंत्र असताना सूची कशाला? शोधयंत्र शब्द शोधते. लेखांमधले नाते त्याला आपोआप कळत नाही. एखाद्या वादात पहिला लेख कोणाचा, त्याला उत्तर कोणी दिले, कोणते उत्तर अनुत्तरित राहिले, हे वाचलेल्या माणसानेच लिहून ठेवावे लागते. आणि जे पान उरलेलेच नाही ते शोधयंत्राने कोठून आणावे? अलीकडे विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना संदर्भ विचारतात. ती साधने कधी कधी अस्तित्वात नसलेल्या लेखांची नावे, वर्षांसकट, मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. अशा वेळी खरे-खोटे पडताळण्यासाठी माणसाने पाहून केलेली सूची हाच आधार असतो. सूचीची गरज आज कमी झालेली नाही. उलट, पूर्वी कधी नव्हती एवढी ती वाढली आहे.

दुसरा आक्षेप इंटरनेट आर्काइव्हचा. १९९६ पासून ही संस्था जालपृष्ठांच्या प्रती साठवीत आहे, आणि तिचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. पण ती सर्व पाने घेऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा काही दिवस तिचा संग्रह जगाला उघडता येत नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोतील एका धर्मादाय संस्थेने मराठीचा वाङ्मयेतिहास सांभाळावा आणि आपण स्वस्थ बसावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तिला पानाचा पत्ता देऊन ते जतन करायला सांगण्याची सोय कोणालाही मोफत उपलब्ध आहे. मराठीच्या किती विभागांनी ती एकदा तरी वापरली?

तिसरा आक्षेप प्रताधिकाराचा. तो बहुधा न वाचताच घेतला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खाजगी वापर आणि संशोधन यांसाठी उचित वापराची मुभा आहे. आपल्या अभ्यासासाठी लेखाची एक प्रत ठेवणे निराळे, आणि ती पुन्हा जालावर प्रसिद्ध करणे निराळे. पहिल्यासाठी भिण्याचे कारण नाही.

चौथा आक्षेप वेळेचा. याला उत्तर म्हणून मायबोलीवरील एका साध्या सोयीकडे बोट दाखवतो. तेथे वाचकाला आवडलेले लेखन 'निवडक १०'मध्ये नोंदवता येते. वाचनखुणांच्या कोणत्याही अमर्याद गोदामापेक्षा मला ही कल्पना वाङ्मयीन दृष्ट्या श्रेष्ठ वाटते. दहाच जागा असल्या की अकराव्यासाठी एक काढावा लागतो, आणि काढताना का काढला याचा विचार करावा लागतो. निवड तेथे सुरू होते. हजार खुणा साठवायला वेळ मिळतो आणि दहा नोंदी लिहायला मिळत नाही, हे म्हणणे पटणारे नाही.

६

तेव्हा करावे काय? मागणी अवघड नाही. जालावरच्या प्रत्येक संदर्भाची नोंद करताना लेखक, शीर्षक, प्रथम प्रसिद्धीचे ठिकाण व तारीख, आपण पाहिल्याची तारीख आणि दोन ओळींचा अभिप्राय एवढे लिहावे. पत्ता त्यानंतर. पानाची प्रत आपल्या संगणकात ठेवावी आणि एक छापून विभागाच्या कपाटात. वही असो वा साधी मजकूर-धारिका, नोंद आपल्या ताब्यात असावी. सेवा वापरावी, पण तिच्यावर विसंबू नये.

शब्दखुणांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणातून पुढे विषयाच्या पाच अंगांचा विचार विकसित झाला: व्यक्तिमत्त्व, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. आपल्या शब्दखुणांत पहिल्या तिघांपैकी काहीतरी असते. स्थळ आणि काळ जवळजवळ नसतातच. प्रत्येक नोंदीला एक खूण स्थळाची आणि एक काळाची द्यायचीच, असा नियम केला तरी 'वर्धा', 'हिंगणघाट', 'समुद्रपूर' या नावांखाली काय लिहिले गेले हे पहिल्यांदा एकत्र दिसू लागेल. खुणा मूळ रूपात लिहाव्यात, विभक्ती लावून नव्हे. एका विभागात एकच लेखनपद्धती पाळावी. आणि वादग्रस्त संज्ञा वापरताना ती का निवडली हे अभिप्रायात सांगावे. ही शिस्त प्रथम वर्षाचा विद्यार्थीही आठवड्याभरात शिकू शकतो.

आणि एक मागणी परीक्षकांकडे. ज्या लघुप्रबंधाच्या शेवटी नुसत्या दुव्यांची उतरंड आहे तो परत पाठवावा. छापील पुस्तकाचे नाव न देता 'ग्रंथालयातील तिसरे कपाट, दुसरा खण' असा संदर्भ कोणी दिला तर आपण तो चालवून घेऊ का? नुसता दुवा म्हणजे तेवढेच, आणि येथे कपाटही दुसऱ्याच्या घरचे. विद्यार्थी एकदा नाराज होईल. पुढच्या वर्षी त्याच्या मागून येणाऱ्याला मात्र संदर्भ सापडेल.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. लीळाचरित्राच्या त्या भूमीत १९९६ नंतरच्या मराठी जाललेखनाच्या सूचीचे काम हाती घेतले जावे, अशी मागणी विदर्भातील मराठीच्या अध्यापकांनी एकत्रितपणे करावी. पण तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक विभागाने या सत्रात आपल्या विद्यार्थ्यांकडून पन्नास नोंदी करून घ्याव्यात. पन्नासच, पण वाचून केलेल्या, प्रतीसह, तारखेसह आणि अभिप्रायासह.